जुन्या गाडीच्या चाकाला नट आणि वायसर नेमके कुठले लागतात ते कसं ओळखायचं

चाकाचा नट हातानं पूर्ण आत गेला, पान्यानं आवळला, घट्ट लागला, म्हणजे तो बरोबरचा नट असं आपल्याकडं धरूनच चालतात, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत घोळ नेमका इथंच होतो. नवीन गाडीला हा प्रश्न येत नाही, कारण कंपनीचा स्टड (नट ज्याच्यावर चढतो तो आट्यांचा खिळा), कंपनीचा नट, कंपनीची डिस्क (टायर ज्याच्यावर चढतो ते चाक), सगळं एकमेकांसाठीच बनवलेलं असतं. पण चाळीस-पन्नास वर्षं फिरलेल्या गाडीचं तसं राहत नाही की ओ. कुणी मधेच हब, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं तो मधला भाग, बदललेला असतो, कुणी एक स्टड तुटला म्हणून हाताला लागला तो ठोकून बसवलेला असतो, आणि शेवटच्या मालकानं हौसेनं अलॉय, म्हणजे अॅल्युमिनियमची चाकं, घातलेले असतात पण नट तेच जुने, पत्र्याच्या डिस्कचे. मग साठच्या वर गेलं की स्टिअरिंग थरथरतं, माणूस दोन-तीनदा बॅलन्सिंग करून घेतो, टायर बदलतो, आणि नटाकडं कुणी बघतच नाही.

सोलापुरात जुन्या गाड्या अजून बऱ्याच आहेत, अॅम्बेसेडर आहेत, पद्मिनी आहेत, जीप तर गावागावात आहेत, म्हणून हे जरा नीट सांगावं वाटलं.

आधी चाक धरून कोण ठेवतं ते बघू. बऱ्याच जणांना वाटतं गाडीचं वजन स्टडवर लटकलेलं असतं. असं नसतं. नट आवळला की स्टड अगदी किंचित ताणला जातो, कडक स्प्रिंगसारखा, आणि तो ताण चाकाला हबवर किंवा ब्रेकच्या ड्रमवर दाबून धरतो. हा दाब लहान नाही, १२ मिलीमीटरचा कोरडा स्टड साधारण १०० न्यूटन मीटरला (हे टॉर्कचं, म्हणजे आवळायच्या जोराचं माप) आवळला तर एकेका नटाला अंदाजे ४ टन दाब येतो. चाक आणि ड्रम यांच्यात त्या दाबानं जे घर्षण तयार होतं त्याच्यावर गाडी चालते आणि ब्रेक लागतो. दाब कमी पडला की चाक अगदी केसभर सरकायला लागतं, स्टड दर फेरीला थोडा थोडा वाकतो, आणि मग एक दिवस तो तुटतो. म्हणून नटाकडं बघताना विचारायचं ते एवढंच, की हा नट तो दाब खरोखर तयार करतोय आणि टिकवतोय का.

आता आटे. आपल्याकडं वर्कशॉपमध्ये अजून सुताची भाषा चालते आणि जुन्या गाडीला ती बरोबर लागू पडते, कारण ब्रिटिश आणि अमेरिकन घराण्यातल्या गाड्या इंचातल्याच. तीन सूत म्हणजे ३/८ इंच, ९.५ मिलीमीटर, स्टँडर्ड हेराल्डसारख्या हलक्या गाड्यांना हा असतो, इंचाला २४ आटे. साडेतीन सूत म्हणजे ७/१६, ११.१ मिलीमीटर. चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलीमीटर, इंचाला २० आटे, विलिस घराण्यातल्या जीपला हाच. जपानी गाड्या सगळ्या मिलीमीटरच्या, त्यातही सुझुकी आणि निसानला १२ चा स्टड १.२५ पिचचा (पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर), आणि टोयोटा, होंडा, मित्सुबिशीला १२ चाच पण १.५ पिचचा. फियाटच्या १२४, १२७, १२८ सारख्या गाड्यांना तर नटच नाही, बाहेरून बोल्ट लागतो, १२ बाय १.२५ चा. त्यामुळं सगळ्यात आधी तुमच्या गाडीला नट आहे का बोल्ट ते बघा, कारण अलॉय घातल्यावर बोल्टची लांबी बदलावी लागते, आणि लांब बोल्ट मागून ड्रमच्या आत जाऊन ब्रेकच्या भागाला घासू शकतो.

खूप जुनी ब्रिटिश गाडी असेल, १९५० च्या आधीची, तर प्रकरण अजून वेगळं. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी १९४८ मध्ये मिळून युनिफाइड आटा ठरवला आणि ब्रिटिश कारखाने पुढच्या काही वर्षांत हळूहळू त्याच्यावर आले. त्याच्या आधी तिकडं बीएसएफ (ब्रिटिश बारीक आटा) आणि व्हिटवर्थ हे जुने ब्रिटिश आटे चालायचे, ज्यांच्या आट्याचा कोन ५५ अंश, तर युनिफाइड आणि मेट्रिक दोन्हीचा ६० अंश. अर्धा इंची बीएसएफला इंचाला १६ आटे, युनिफाइड बारीकला २०. मॉरिसनं तर १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतला हॉचकिसचा कारखाना घेतला होता, तिथली यंत्रं फ्रेंच, म्हणून कित्येक वर्षं मॉरिस आणि एमजीच्या इंजिनांमध्ये आटे मिलीमीटरचे पण बोल्टचं डोकं व्हिटवर्थ पान्याचं, असा मिश्र माल यायचा. पाना बसला म्हणून आटे पण त्याच जातीचे असं या गाड्यांत कधीच समजू नका.

मोजताना एक जागा फार धोक्याची आहे, तिथं थांबून नीट बघा. अर्धा इंच २० आट्यांचं पिच होतं १.२७ मिलीमीटर, आणि १२ च्या बारीक आट्याचं पिच १.२५. फरक एका आट्यामागं ०.०२, म्हणजे सोळा आटे मोजले तरी ०.३ मिलीमीटर. पिच गेजचं, म्हणजे आटे तपासायच्या दातेरी पट्टीचं, पान दोन्हीवर बसल्यासारखं दिसतं. पण स्टडची जाडी एक १२.७ आणि दुसरी १२. आता अर्धा इंची नट १२ च्या स्टडवर चढवला तर तो अगदी सुरळीत, बोटानं फिरत आत जातो, आणि दुकानदार म्हणतो बसतंय की मालक. बसतंय ते आट्याच्या फक्त टोकांवर. पान्याला थोडं घट्ट लागेल, पण पूर्ण आवळला किंवा रस्त्यावर जोर आला की आटे सोलून निघतात. म्हणून इथं पिच गेजवर निर्णय घ्यायचा नाही, व्हर्नियरनं स्टडची बाहेरची जाडी घ्यायची, ब्रशनं साफ करून, न झिजलेल्या जागी. १२.६ ते १२.७ आली तर अर्धा इंच, ११.८ ते १२ आली तर मेट्रिक. आणि नट फिरवताना हातात जरा हलवून बघायचा, बरोबरचा नट स्टडवर आडवा लुडबुडत नाही. १.५ आणि १.२५ ची गल्लत त्यामानानं लवकर कळते, एक-दोन आटे जातो आणि जाम होतो, फक्त तिथं एअर गन लावली तर स्टड आणि नट दोन्हीचे आटे गेले म्हणून समजा. नवीन नट कधीही पहिल्यांदा हातानंच लावायचा, ही गोष्ट टायरवाल्याला स्पष्ट सांगायची, लाजायचं नाही.

आणि चारही चाकांचे सगळे स्टड मोजा. पुढचे एका जातीचे आणि मागचे दुसऱ्या जातीचे निघणं जुन्या गाडीत मुळीच नवल नाही.

उलट्या आट्याचं पण इथंच सांगतो. विलिस घराण्यातल्या जुन्या जीप आणि क्रायस्लरच्या गाड्या, म्हणजे डॉज, प्लायमाउथ, डीसोटो, यांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असायचे, चाक फिरताना ढिला नट आणखी सुटत जाऊ नये म्हणून. क्रायस्लरनं ही पद्धत १९७० च्या आसपासपर्यंत ठेवली. आपल्या सोलापूरचा याच्याशी जवळचा संबंध आहे, वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा, इथलाच, आणि त्यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये सुरुवातीला याच क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जायच्या, फियाट नंतर आली. अशी एखादी जुनी डॉज कुणाच्या वाड्यात उभी असेल तर डाव्या चाकाला पाना लावण्याआधी स्टडच्या तोंडावर एल हे इंग्रजी अक्षर कोरलंय का बघा. नेहमीच्या दिशेनं जोर लावत राहिलात तर तुम्ही नट सोडवत नसता, आवळत असता, आणि पाइप घालून जोर लावला की स्टड तुटतो. अशा गाडीला नट घेताना डावे वेगळे, उजवे वेगळे घ्यायचे आणि वेगळ्या पिशवीत ठेवायचे.

आटे जुळले म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं, म्हणजे नट डिस्कला जिथं टेकतो ती सीट. ती तीन प्रकारची. पहिला टेपर नट, खालचं तोंड निमुळतं, बहुतेक ६० अंशाचं, पत्र्याच्या डिस्कला आणि आजकालच्या बाजारातल्या बहुतेक अलॉयला हाच. दुसरा बॉल सीट, खालचं तोंड गोलाईचं, होंडाच्या कंपनीच्या चाकांना १२ मिलीमीटर त्रिज्येचं, फोक्सवॅगनच्या बोल्टला १३ चं, पोर्शला १४ चं. तिसरा सपाट तोंडाचा, खाली वायसर आणि बऱ्याचदा एक सरळ नळीसारखा दांडा जो डिस्कच्या भोकात उतरतो, टोयोटाच्या कंपनीच्या अलॉयला असा असतो आणि १९६०-७० च्या दशकातल्या अमेरिकन मॅगव्हीलना (त्या काळच्या हलक्या धातूच्या चाकांना) पण.

यांची अदलाबदल चालत नाही. टेपर नट गोलाईच्या सीटमध्ये घातला तर भाकरीच्या खोलगट तव्यात ताटली ठेवल्यासारखं होतं, फक्त एका बारीक कडेवर टेकतो. आवळताना घट्ट लागतो, कारण त्या कडेवर सगळा जोर येतो, पण अॅल्युमिनियम मऊ, ती कडा शे-दोनशे किलोमीटरमध्ये दबते आणि नट ढिला. सपाट सीटवर टेपर नट लावला तर अजून वाईट, भोकाच्या काठात तो रुतत जातो आणि त्या जागी चाकाला तडा जाऊ शकतो.

हे घरी तपासायची सोपी रीत आहे. नटाच्या टेकणाऱ्या तोंडाला मार्करची शाई किंवा बेअरिंग ब्ल्यू लावा, चाक चढवून हलकं आवळा, सोडा आणि बघा. शाई सगळीकडून सारखी, रुंद पट्ट्यासारखी उठली तर सीट जुळली. बारीक रेघ उठली तर आकार चुकला. एकाच बाजूला उठली तर भोक लंबगोल झालंय किंवा स्टड वाकडा आहे, आणि मग नवीन नट आणून काही होत नाही, आधी डिस्क किंवा स्टड बदला. पत्र्याच्या जुन्या डिस्कमध्ये भोकाभोवतीचा उंचवटा झिजून सपाट झालेला बऱ्याचदा दिसतो, ती डिस्क कितीही अस्सल असली तरी चालवायची नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दांड्याचा नट आणि वायसर, कारण सगळ्यात जास्त चुकीचा माल इथंच लागतो. पत्र्याच्या डिस्कला टेपर नट आवळताना चाक आपोआप मधोमध येतं. सपाट नटाला ते काम जमत नाही, तिथं चाक मधोमध आणतो तो दांडा, जर हबचा मधला काठ चाकाच्या भोकात नेमका बसत नसेल तर. म्हणून दांड्याची जाडी भोकापेक्षा अगदी थोडीच कमी पाहिजे. जुन्या अमेरिकन मॅगव्हीलच्या नटांचा दांडा साधारण ११/१६ इंच, म्हणजे साडेसतरा मिलीमीटर, आणि टोयोटाचा याच्यापेक्षा बारीक. बारीक दांड्याचा नट मोठ्या भोकात घातला की चाक कुठल्याही एका बाजूला सरकून आवळलं जातं आणि मग ती थरथर, जी बॅलन्सिंगनं कधीच जात नाही.

दांड्याची लांबी तर त्याहून महत्त्वाची. चाकाच्या भोकाची खोली अधिक वायसरची जाडी, ही बेरीज दांड्याच्या लांबीपेक्षा जास्त पाहिजे. समजा भोकाची खोली १७ मिलीमीटर, वायसर ३ चा, तर दांडा २० पेक्षा कमीच हवा, एक-दोन मिलीमीटरची जागा राहिलीच पाहिजे. दांडा लांब असला तर तो सरळ ड्रमला जाऊन टेकतो, पाना घट्ट लागतो, टॉर्क रेंच टक्क वाजते, आणि चाकावर दाब शून्य. बाहेरून काहीच कळत नाही. अलॉय बदलले, किंवा वायसर जाडाचा पातळ केला, तर ही बेरीज परत करायची.

वायसर कशाला लागतो? नट फिरताना त्याचं तोंड थेट अॅल्युमिनियमवर घासलं तर ते खरवडतं, आणि नटाला लावलेल्या जोरातला जवळजवळ अर्धा भाग तोंडाखालच्या घर्षणातच जातो, आट्यांत अजून चाळीस टक्क्यांच्या आसपास, स्टड ताणायला दहाएक टक्केच उरतो. तोंडाखाली खरवडलेला पृष्ठभाग असेल तर तो दहा टक्क्यांचा हिशोब पण बिघडतो, एक नट जास्त आवळला जातो, शेजारचा कमी. कडक, गुळगुळीत, सपाट वायसर हे घर्षण सगळीकडं सारखं ठेवतो. म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला पत्र्यातून कापलेला मऊ वायसर इथं लावायचा नाही, तो वाटीसारखा वाकतो. स्प्रिंग वायसर तर बिलकूल नाही, त्याची टोकं अॅल्युमिनियम खातात. दोन वायसर एकावर एक ठेवून लांबी जुळवणं पण सोडा, त्यापेक्षा दांडा लेथवर कमी करून घ्या.

काही जुन्या मॅगव्हीलना भोकं गोल नसतात, लांबट असतात, म्हणजे एकच चाक वेगवेगळ्या पीसीडीच्या (पीसीडी म्हणजे स्टड ज्या गोलावर बसतात त्याचा व्यास) गाड्यांना लागावं म्हणून. अशा चाकाला साधा गोल वायसर लावला तर चाक त्या लांबट भोकात हिंडत राहतं. त्याला लांबट आकाराचा, भोक एका बाजूला सरकवलेला वायसर येतो, तो भोकात अडकून चाक मधोमध धरतो. सगळे वायसर एकाच दिशेनं, सगळे आत किंवा सगळे बाहेर, तुमच्या पीसीडीप्रमाणं बसवायचे. एक जरी उलटा बसला तरी चाक वाकडं लागणार. जुनं चाक विकत घेताना हे वायसर सोबत आहेत का ते आधी विचारा, नंतर शोधणं फार अवघड जातं.

नट किती आटे आत गेला पाहिजे? साधा नियम, निदान स्टडच्या जाडीएवढी लांबी. अर्धा इंची २० आट्यांना दहा फेरे, १२ बाय १.५ ला आठ, १२ बाय १.२५ ला साधारण दहा, तीन सुताच्या २४ आट्यांना नऊ. नट आट्याला लागल्यापासून टेकेपर्यंत मोजा, तोंडानं मोठ्यानं मोजा, कमी भरले तर लांब स्टड घाला किंवा दांड्याचा नट घ्या, कारण दांड्याच्या आत पण आटे असतात. उलट बाजूनं, डोकं बंद असलेल्या क्रोमच्या नटात लांब स्टड आत टोकाला टेकतो आणि परत तोच खोटा घट्टपणा. आत थोडी ओली माती किंवा ग्रीसचा ठिपका ठेवून लावून बघा, टेकत असेल तर ठसा उठतो.

मिळतं कुठं? सोलापुरात चाकाचा इंची नट मागितला तर स्पेअरच्या दुकानात बऱ्याचदा नाही म्हणतात, पण जीपच्या आणि ट्रॅक्टरच्या स्पेअरवाल्याकडं विचारा, अर्धा इंची बारीक आट्याचे टेपर नट तिथं मिळायची शक्यता जास्त. जुना स्टड किंवा जुना नट खिशात घालून जा, तोंडी माप सांगू नका. नट-बोल्टच्या दुकानात युनिफाइड आट्याचा साधा षटकोनी नट मिळतो, पण त्याला सीट नसते, तो चाकाला लावायचा नाही.

न मिळाल्यास लेथवर करून घेता येतो, आणि या बाबतीत आपलं गाव नशीबवान आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला यंत्रमागाच्या भागांची कामं करून हात तयार झालेले टर्नर आहेत. फक्त त्यांना नीट सांगायला लागतं. साधा एमएसचा (मऊ पोलादाचा) रॉड नको, ईएन-८ (त्याहून मजबूत पोलाद) घ्या. आटे आणि टेपर एकाच पकडीत, चकमधून जॉब न काढता झाले पाहिजेत, नाहीतर टेपर आट्याच्या मध्याशी जुळत नाही आणि प्रत्येक नट चाकाला वेगळ्या दिशेला ओढतो. टेपर ६० अंश म्हणजे पूर्ण कोन, मध्यापासून प्रत्येक बाजूला ३०, हे कागदावर काढून द्या. वायसर पण ईएन-८ चाच, दोन्ही तोंडं समांतर, भोकाच्या कडा मोडलेल्या.

चाकाला पावडर कोटिंग करून आणलं असेल तर नट टेकायच्या जागेवरचा आणि मागं हबला टेकतो त्या जागेवरचा रंग काढून टाका. रंगाचा थर दाबाखाली हळूहळू दबत जातो आणि दाब उतरतो. हे सांगूनही लोक करत नाहीत कारण खरवडलेलं दिसायला बरं वाटत नाही, पण नट लावल्यावर ती जागा दिसतच नाही.

आट्यांना तेल-ग्रीस लावू नका, कंपनीनं लावा म्हटलं नसेल तर, कारण तेच टॉर्क तेलकट आट्यावर स्टडला बराच जास्त ताणतं. टॉर्कचा आकडा गाडीच्या पुस्तकातून घ्या. नसेल तर अंदाजासाठी सांगतो, तीन सुताच्या स्टडला साठएक न्यूटन मीटर, मारुतीच्या १२ बाय १.२५ ला ८५, टोयोटाला १०३. समोरासमोरचे नट, दोन-तीन टप्प्यांत, चाक हवेत असताना अर्धे आणि जमिनीवर टेकल्यावर पूर्ण. मग पन्नास ते शंभर किलोमीटर झाले की परत तपासा, अक्कलकोटला स्वामींचं दर्शन घेऊन परत आलात की तेवढं होतं. चाक पूर्ण थंड झाल्यावर तपासायचं, मे महिन्यात तर संध्याकाळीच, कारण अॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं आणि गरम चाकावर घेतलेला टॉर्क खरा नसतो. दुसऱ्यांदा पण नट फिरला तर सीट जुळलेली नाही, परत शाई लावून बघा.

आणि स्टेपनी. अलॉयला दांड्याचे नट लावलेत, पण डिकीत स्टेपनी मूळची पत्र्याची, तर ते नट स्टेपनीला लागणार नाहीत, पातळ पत्र्यात दांडा थेट ड्रमला टेकेल. स्टेपनीसाठी टेपर नटांचा एक वेगळा सेट आणि त्याला लागणारा पाना, दोन्ही कापडात गुंडाळून डिकीतच ठेवा, आणि एकदा घरासमोर स्टेपनी चढवून फेरे मोजून बघा.